दोन येळकोट, एक मुडदा

१

शंकरराव मेलेले सापडले त्या सकाळी ते माझ्या रिक्षात बसून सणसवाडीभर बोंबलत व्हते.

म्हंजी त्यांचा आवाज. "या माय-बहिणींनो, या! मी शंकरराव बोलतोय, येळकोट बाजार, शिरूर! साखर स्वस्त, डाळ स्वस्त, आन् पिठाच्या पोत्यासंगं चाळण फुकट!" रेकॉर्डिंग मीच केलेलं. आपला धंदाच हा. एक रिक्षा, टपावर दोन भोंगे. नाव जालिंदर, पण शिरूरपासनं दौंडापातुर मला समदे भोंगाच म्हणत्यात. बायको सुद्धा.

सणसवाडीच्या येळकोटमधी शिरलो तवा दुकान नुकतंच उघडलेलं. ही शाखा शंकररावांचा धाकला भाऊ म्हाळू बघायचा. येळकोटवाल्यांची रीत अशी का सकाळी काउंटरवरच्या खंडोबाला दिवा लावायचा, गल्ल्याला भंडारा लावायचा आन् पयल्या गिऱ्हाइकाच्या कपाळाला बी. फुकटचा देव कोण सोडतो? मी रोज पयला नंबर लावायचो.

त्या दिवशी कपाळ पुढं करून उभा राहिलो, तर भंडारा काय येईना. देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला. काउंटरवरच्या रुपालीनं दिव्यासाठी काडी ओढली, तर म्हाळूशेठनं फूऽ करून विझवली.

"राहू दे गं. आज गर्दी हाय."

दुकानात मी आन् दारात एक कुत्रं.

"काय शेठ," मी म्हणलं, "देव आज साप्ताहिक सुट्टीवर का?"

"भोंग्या, तू तुझं काम कर," म्हाळूशेठ तुसड्यावानी बोलला. डोळे लाल. म्हणलं, रात्रीची जास्त झाली असंल.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अंकिता. माझी भाची, पाटसच्या सुषमाची पोरगी. दौंडच्या दुकानात मॅनेजर.

"मामा," ती म्हणली. आवाज असा का जणू फ्रिजमधनं बोलतीय. "मामा, गोडाऊन उघडलं. आत शंकरआबा पडलेत. साखरेच्या पोत्यांखाली. मी हात धरून बघितला. गार हाय."

मी म्हाळूशेठला सांगितलं. त्यानं डोकं काउंटरवर आपटून घेतलं. मी त्याला पाणी पाजलं.

आन् भाईर माझी रिक्षा ओरडत व्हती, "या, या! मी शंकरराव बोलतोय!"

२

आता तुम्ही म्हणाल, शिरूरचा मालक दौंडच्या गोडाऊनमधी कशाला मरंल? त्यासाठी येळकोटची भानगड समजून घ्यावी लागंल.

मूळ पुरुष कोंडिबा. मेंढरं राखायचे. पाय थकल्यावर शिरूरला किराणा टाकला, "येळकोट" नावाचा. थोरला पोरगा शंकररावनं त्याचं सुपर मार्केट केलं. टोपली घ्या, हातानं उचला, काउंटरला या. तवा शिरूरात नवलच व्हतं. बाया नुसतं बघायला यायच्या आन् साबण घेऊन जायच्या. संगं चुलतभाऊ हनुमंत व्हता. दोघांचं फाटलं, तसा हनुमंत दौंडला गेला आन् बोर्ड लावला, "श्री येळकोट सुपर बाजार". शंकररावनं कोर्टात केस टाकली, का नाव माझ्या बापाचं. हनुमंत म्हणला, तुझा बाप माझा चुलता, आन् खंडोबा काय तुझ्या सातबाऱ्यावर हाय का? कोर्टालाही उत्तर सुचंना.

मग दोघांनी गावोगाव दुकानं काढली. पाटसला दोघांची. सणसवाडीला दोघांची, रस्त्याच्या अल्याड एक, पल्याड एक. पिशव्या दोघांच्याबी पिवळ्या. भाईरनं आलेल्या कामगारांना काय कळतंय? एकाकडं घेतलेली डाळ दुसऱ्याकडं परत द्यायला यायचे आन् शिव्या खायचे. भावकी अशी तुटली का लग्नाला न्हाई, मयतीला न्हाई. मी मात्र दोघांची जाहिरात करायचो. सकाळी "खरा येळकोट शिरूरचा", दुपारी "अस्सल येळकोट दौंडचा". मधी चौफुल्याला चहा.

दौंडला पोचलो तवा फौजदार साहेबांनी मुडद्यावरची पोती उतरवून घेतलेली.

"अपघात दाखवायचा होता कुणालातरी," साहेब म्हणले. "पण घाव डोक्याच्या मागं आहे आणि पोती पुढून पडलीत. पोतं काय मागनं येऊन टोला मारत नाही." शेजारी काट्याचं लोखंडी वजन पडलेलं, केसांसकट.

गोडाऊनच्या चाव्या दोन. एक हनुमंतआप्पाकडं. दुसरी अंकिताकडं. आन् अंकिताची चावी मुडद्याच्या खिशात सापडलेली.

"काल दुकान बंद करताना आबा आले," अंकिता सांगत व्हती. "म्हणले, पोरी, आप्पाचं तेल बघायचंय, चावी दे, सकाळी तुझी तुला देतो. मी दिली. सकाळी बघते तर गोडाऊनला कुलूप न्हाई, नुसती कडी."

"दुश्मन मालकाला चावी दिलीस? स्वतःच्या मालकाला न विचारता?"

"मला पयली नोकरी त्यांनीच दिली व्हती, साहेब. ते चोरी करणारं माणूस नव्हतं."

साहेबांनी लेडीज कॉन्स्टेबलला खूण केली. अंकिता माझ्याकडं बघत जीपमधी चढली. कपाळावर सकाळचा भंडारा तसाच पिवळाधमक.

३

कोर्टानं कोठडी दिली. सुषमा माझ्या दारात येऊन बसली. रडली न्हाई, तेच वाईट. "दादा, तू आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्यास," ती म्हणली. "आता एक काम सरळ कर. तिच्यावर खुनाचा डाग लागला तर ती आतच जीव दील. मला ठावं हाय माझी पोरगी."

मी पयल्यांदा हनुमंतआप्पाकडं गेलो. आप्पानं निरोप धाडला, बरं वाटत न्हाई. बरं. मी रिक्षा त्यांच्या बंगल्याच्या दारात लावली आन् शिरूरच्या येळकोटची ऑफर चालू केली, फुल आवाजात. चाळण फुकटपातुर पोचलो न्हाई तर आप्पा धोतर सावरत भाईर.

"बंद कर, हलकटा! मेलेल्या माणसाचा आवाज लावतोस?"

"मग बोला की माझ्यासंगं, आप्पा."

आप्पा पायरीवर बसले. चेहरा राखेसारखा. "मला काय विचारतो? मला शंकर मेलेला पाहिजे असता तर लई आधी मारला असता. भांडायला कुणीतरी लागतंय, भोंग्या. आता मी कुणासंगं भांडू?"

"त्या सकाळी तुम्ही कुठं व्हता?"

"दुकानात. दिवा लावला, गल्ल्याला भंडारा लावला, तुझ्या भाचीच्या कपाळाला लावला. आन् ती गोडाऊनकडं गेली." आप्पांनी हाताकडं बघितलं. "माझा भाऊ आत मरून पडलेला आन् मी भाईर देवाला येळकोट घालत व्हतो. दोष लागला मला."

"मग पोलिसांना सांगा ना, अंकिता तशी पोरगी न्हाई."

आप्पांनी तोंड फिरवलं. "चावी तिच्याकडं व्हती. मी काय सांगू?"

"आन् शंकररावांना तुमचं तेल कशाला बघायचं व्हतं?"

आप्पा झटक्यानं उठले. दार माझ्या तोंडावर लागलं.

४

तेलाचं कोडं शिरूरात सुटलं. शंकररावांचा जावई स्वराज, तिथला मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, कानात फोनचं यंत्र, आन् बोलताना नजर भिंतीवर.

"त्या संध्याकाळी पावणं कुठं व्हते?" मी विचारलं.

"घरी."

"घरी व्हता तर पाटसच्या हाटेलात तुमच्यासारखा दिसणारा कोण व्हता? शर्टाची इस्त्री बी तीच." मी ठोकून दिलं. मला काय बी ठावं नव्हतं.

पावणं घामाघूम. "सासूबाईंना सांगू नका. दौंडवाल्यांच्या पाटस शाखेच्या मॅनेजरला भेटायला गेलो होतो. नोकरीसाठी. मामंजींनी ठरवलं होतं, केस मागं घ्यायची आन् दोन्ही येळकोट एक करायचे. मग माझी खुर्ची कुठं राहिली असती? हाटेलवाल्याला विचारा, दुकान बंद करेपर्यंत तिथंच होतो."

विचारलं. खरं निघालं. हाटेलवाला वर म्हणला, चहाचं बिल बी त्यानं दुसऱ्यालाच द्यायला लावलं.

"आन् तेल?"

स्वराजनं दार लावून घेतलं. "सणसवाडीत एक बाई दगावली माहितीय ना? रामसखी. बिहारची. सुट्टं गोडेतेल घेतलं, भजी केली, घरातले सगळे आजारी पडले आन् ती गेली. पिशवी येळकोटची. पण कुठल्या येळकोटची, तिच्या नवऱ्याला सांगता येईना. आम्ही म्हणलो दौंडवाल्यांची. ते म्हणले आमची. तपास तिथंच मेला."

"मग?"

"मग मामंजी त्या नवऱ्याला भेटून आले. आल्यापासून जेवले नाहीत. त्या दिवशी सणसवाडीच्या शाखेतनं तेलाचा एक डबा उचलून गाडीत घातला. म्हणले, हनुमंताच्या डब्यासंगं लावून बघतो. पाप त्याचं असलं तर त्याला फासावर देतो. आपलं असलं तर स्वतः पोलिसात जातो."

मी उभा राहिलो. मुडद्याजवळ वजन व्हतं, पोती व्हती, चावी व्हती. शंकररावांची गाडी भाईर उभी व्हती, मोकळी.

तेलाचा डबा कुठंच नव्हता.

५

म्हंजी ज्यानं मारलं त्यानं डबा नेला. आन् डबा त्यालाच नकोसा, ज्याच्या गळ्याशी तेल येणार व्हतं. पाप हनुमंताचं असंल तर हनुमंत. सणसवाडीचं असंल तर म्हाळू. तिथली तेलाची खरेदी तोच करायचा. दोघातला एक. पण कुठला?

आप्पांनी गोडाऊनला कॅमेरा लावलेला नव्हता. म्हणायचे, साखरेला कशाला कॅमेरा, ती काय पळून जाती?

म्हाळूशेठकडं गेलो. दाढी वाढलेली, उघड्या अंगावर उपरणं. भावासाठी लई दुःखात दिसला. खरंच दिसला, खोटं कशाला बोलू.

"हनुमंतानंच केलंय," तो म्हणला. "आन् तुझी भाची त्याला सामील."

"असंल बी," मी म्हणलं. भांडलो असतो तर बोलणं संपलं असतं. "शेठ, एक विचारू? त्या दिवशी माझ्या कपाळाला भंडारा का लावला न्हाई? तवापासनं माझं समदं वाईट चाललंय."

म्हाळूनं उपरणं सारखं केलं. "संपला व्हता."

मी मान डोलावली. त्याच्या मागं मांडणीवर भंडाऱ्याच्या पुड्यांची चळत लागलेली, छतापातुर.

खोटं बोलला, एवढं कळलं. पण भंडाऱ्यासाठी खोटं कोण बोलंल? देवाचा राग आला असंल, भाव चढला असंल, काय बी असंल. माझं डोकं चालंना. तसाच शिरूरला पुतळाबाईंकडं गेलो, शंकररावांच्या मालकीणबाई. पांढरंफटक कपाळ, हात मांडीवर.

"जालिंदर, बस," त्या म्हणल्या. मला नावानं हाक मारणाऱ्या त्या एकट्याच.

शेजारची कुणी बाई उदबत्ती घेऊन देव्हाऱ्याकडं निघाली, तर पुतळाबाईंनी हात वर केला. "राहू दे बाई. देव झाकलाय. सुतक हाय."

मी तिकडं बघितलं. देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला व्हता.

माझ्या हातातला चहा सांडला. भाजलं, तरी बी कळलं न्हाई.

"काय झालं?" पुतळाबाई म्हणल्या.

"वैनी," मी म्हणलं, "उद्या राख सावडून भावकी अंगणात बसंल, तवा हनुमंतआप्पांना बोलवा. रुपालीला बी. फौजदार साहेबांना मी आणतो."

६

दुसऱ्या दिवशी घोडनदीवरनं राख सावडून समदे आले. मांडवात भावकी बसली. हनुमंतआप्पा इतक्या वर्षांनी त्या अंगणात आले, तर कुणी बसा म्हणंना. फौजदार साहेब साध्या कपड्यात माझ्या शेजारी. मला हळूच म्हणले, "भोंगा, गंमत केलीस तर तुलाच आत घेईन."

पुतळाबाई मधोमध येऊन उभ्या राहिल्या. हातात ताटली. बेलाची पानं आन् भंडारा.

"माझा धनी गेला," त्या म्हणल्या. "दोन माणसांवर माझा संशय हाय. दोघं बी घरचीच. बेल-भंडार उचला आन् म्हणा, मी न्हाई."

मांडवात कुजबुज झाली. कुणी म्हातारा बोलला, "पुतळे, सुतकात देवाला शिवत न्हाईत."

"सुतक सगळ्यात मोठं माझं हाय. दोष लागला तर मला लागंल. उचला."

हनुमंतआप्पांनी आधी पुतळाबाईंना हात जोडले. मग बेल-भंडार उचलला. "शंकरच्या रक्ताशी माझा संबंध न्हाई. असला तर मल्हारी माझा वंश बुडवू दे." आन् खालीच बसले.

ताटली म्हाळूसमोर आली. म्हाळूनं हात मागं घेतले.

"मी न्हाई. वैनी, तुम्ही दुःखात हाय, तुम्हाला कळंना. पण मी रीत न्हाई मोडणार. सुतकात मी भंडाऱ्याला हात लावणार न्हाई."

भावकीनं माना डोलावल्या. कसा धार्मिक पोरगा!

मी उठलो. "खरं हाय. म्हाळूशेठ रीतीचे पक्के. त्या सकाळी बी त्यांनी हात लावला न्हाई."

"कुठल्या सकाळी?" साहेब बोलले.

"ज्या सकाळी अंकिताला मुडदा सापडला. मी दुकानात व्हतो, साहेब. देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला, दिवा न्हाई, भंडारा न्हाई. आन् फोन त्याच्यानंतर आला. मीच यांना सांगितलं, तुमचा भाऊ गेला म्हणून."

"रुपालीला अडचण व्हती," म्हाळू घाईनं म्हणला. "म्हणून दिवा राहिला."

"मला काय बी अडचण नव्हती," बायांच्या मागनं रुपाली बोलली. वाट काढत पुढं आली. "मी काडी ओढली व्हती, शेठ. तुम्ही फुंकलीत."

"आन् काल मला म्हणाले, भंडारा संपला व्हता," मी म्हणलं. "एका दिव्याला दोन कारणं. हनुमंतआप्पांनी त्या सकाळी देवाला भंडारा लावला. त्यांना ठावंच नव्हतं भाऊ मेलाय. शिरूरच्या दुकानात बी दिवा लागला. चार गावांतल्या समद्या येळकोटांत देव उघडा, आन् एकाच जागी झाकलेला."

पुतळाबाई म्हाळूच्या अगदी जवळ गेल्या. लहान असताना याला त्यांनीच जेवू घातलेलं, अख्ख्या शिरूरला ठावं हाय.

"आज सुतक हाय म्हणून शिवत न्हाईस," त्या हळू म्हणल्या. "त्या सकाळी तुला कशाचं सुतक व्हतं, म्हाळू?"

म्हाळूनं ताटलीकडं बघितलं. मग तो गुडघ्यावर आला, आन् त्याच्या तोंडातनं जो आवाज निघाला तो माझ्या दोन भोंग्यांतनं बी निघायचा न्हाई.

"मी त्याच्या मागं गेलो व्हतो, गाडीवर. त्यानं दोन्ही डब्यातलं तेल हातावर घेऊन वास घेतला. मी स्वस्तात घेतलेलं भेसळीचं तेल लगेच कळलं. म्हणला, म्हाळू, आपलंच. मी म्हणलं, आबा, गप बस, नाव सारखंच हाय, ढकलू हनुमंतावर. समद्यांनी तेच केलंय की इतकी वर्षं! त्यानं माझ्या थोबाडीत मारली. म्हणला, चल त्या बाईच्या नवऱ्याच्या पाया पडू. आन् पाठ फिरवली."

"डबा?" साहेबांनी विचारलं.

"कॅनॉलात."

"आन् सकाळी दुकान उघडून बसलास?"

"रोजच्यागत उघडलं म्हंजी कुणाला कळणार न्हाई." म्हाळू जमिनीकडं बघत व्हता. "पर रुपालीनं काडी ओढली, आन् मला वाटलं, भाऊ गेलाय माझा. देवाला कसं शिवू?"

पुतळाबाईंनी ताटली खाली ठेवली. त्याला मारलं न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. भिंतीला पाठ लावून बसल्या, आन् एवढं बोलल्या, "साहेब, न्या याला. माझ्या डोळ्यादेखत न्या."

७

अंकिता सुटली त्या दुपारी दौंडच्या पोलीस स्टेशनभाईर दोन गाड्या उभ्या. एकीत हनुमंतआप्पा, एकीत स्वराज. मी आपला रिक्षा घेऊन कडेला.

पोरगी भाईर आली. केस चिकटलेले, गालाची हाडं वर आलेली. उन्हाला हात आडवा धरला.

"पोरी," आप्पा पुढं झाले, "उद्यापासनं ये. तू आमची हायेस. पगार वाढवतो."

"अंकिताताई," स्वराज मधी घुसला, "सासूबाईंनी गाडी धाडलीय. मूळची तुम्ही शिरूरचीच. सणसवाडीची शाखा तुम्ही बघा."

मला वाटलं आता मजा येणार. ताणून धरून भाव वाढवून घ्यावा, असं मी तिला डोळ्यानं खुणवलं बी.

अंकिता आधी आप्पांकडं वळली. "आप्पा, साहेबांनी तुम्हाला विचारलं व्हतं, ही बाई तुमची का? तुम्ही म्हणालात, शिरूरकरांनी पेरलेली हाय. मी दाराआड ऐकलं." मग स्वराजकडं. "तुम्हाला बी विचारलं. तुम्ही म्हणालात, आमचा संबंध न्हाई, दौंडवाल्यांची हाय. रामसखीचं तेल जसं ढकललंत तसं मला ढकललंत. कुणाचंच नव्हतं ते. मी बी कुणाची न्हाई."

आप्पा आन् स्वराज एकमेकांकडं बघत राहिले, इतक्या वर्षांत पयल्यांदा.

ती रिक्षात येऊन बसली. मी किक मारली आन् पाटसचा रस्ता धरला. "सुषमा सकाळपासनं भाकऱ्या थापतीय," मी म्हणलं. "अख्खी गल्ली जेवंल एवढ्या."

"मामा, आधी सणसवाडीला चला."

"वेडी का? लांब हाय. आई वाट बघतीय."

"शंकरआबा तिथं निघाले व्हते, ते पोचले न्हाईत. आन् आता दोघांतलं कुणी बी जाणार न्हाई. वकील जाऊ देणार न्हाईत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "चला."

गेलो. पत्र्याच्या चाळीतली शेवटची खोली, रामसखीची. दारात एक माणूस कंपनीच्या कपड्यात बूट काढत बसलेला. रिक्षावरचं येळकोटचं नाव बघून त्याचा हात थांबला. मी तोंड उघडणार, तर अंकितानं मला मागं सारलं.

"भैया," ती म्हणली, "तेल किसका था, वो बताने आये हैं."

त्यानं बूट बाजूला सारले. मग आत गेला, खाटेवरचे पोरांचे कपडे गोळा करून एका कडेला केले आन् म्हणला, "बैठिए."